न पाहिलेले घर

टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डात, चौथ्या मजल्यावर माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे एक घर आहे. ते मी 2024 च्या मे महिन्यात विकत घेतले आणि घेताना ते आतून पाहिलेले नव्हते. यात फसवणूक किंवा घाई काहीच नव्हती. त्या घरात 2005 पासून एकच भाडेकरू राहत आहे, आणि भाडेकरूसकट घर विकले जाते तेव्हा नव्या मालकाने दार वाजवून आत डोकावू नये, असा तिथला रिवाज आहे. या व्यवहाराला जपानी दलाल ‘ओना चेंजी’ म्हणतात. मालक बदलतो, बाकी काही बदलत नाही. आपल्याकडे ज्याला ‘भाडेकरू बसलेला फ्लॅट’ म्हणतात आणि ज्याच्या वाटेला शहाणा माणूस जात नाही, तीच वस्तू तिथे ‘पहिल्या दिवसापासून उत्पन्न सुरू’ अशा शब्दांत विकली जाते.

मी काही मोठी गुंतवणूकदार नाही. सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त सहा वर्षे निशीकासाईत राहिले. तोझाई मार्गावरचे हे स्थानक 2000 च्या सुमारास संगणकांच्या वर्षबदलाच्या कामासाठी आलेल्या भारतीयांनी आपलेसे केले, आणि आज तिथे कढीपत्ता मिळतो, गणपती बसतो. योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ 2019 मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीवर निवडून आले. पुण्याला परतल्यानंतर येन घसरत गेला, आणि जे घर तिथे राहत असताना परवडत नव्हते ते दुरून परवडेलसे दिसू लागले. टोकियोच्या 23 वॉर्डांतील नव्या फ्लॅटची सरासरी किंमत 2023 मध्ये दहा कोटी येनच्या वर गेली होती, त्यामुळे नव्याचा प्रश्नच नव्हता. जुने, स्थानकापासून सतरा मिनिटे चालत असलेले, भाडेकरू असलेले, एवढेच माझ्या पदरी पडण्यासारखे होते.

परदेशी माणसाला जपानमध्ये घर घेण्यास सहसा आडकाठी नाही, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही. जमिनीच्या अविभक्त हिश्श्यासह पूर्ण मालकी मिळते, तिथे राहण्याची अट नसते. मात्र घर घेतले म्हणून व्हिसाही मिळत नाही. कर्ज मात्र परदेशात राहणाऱ्याला जवळजवळ मिळतच नाही, आणि जुन्या इमारतींना तर तिथल्या नागरिकांसाठीही बँका हात आखडता घेतात. त्यामुळे जुनी घरे बरीचशी रोखीने विकली जातात. स्वस्ताईचे खरे कारण हेच आहे, आणि उद्या मला विकायचे झाले तर गिऱ्हाईक मिळायला तेच आडवे येणार आहे, हे घेताना कळत होते.

जपानीत ‘मानशोन’ म्हणजे हवेली नव्हे. काँक्रीटच्या इमारतीतल्या कोणत्याही बऱ्या फ्लॅटला मानशोन म्हणतात, मग तो सोळा चौरस मीटरचा का असेना. मालकी तत्त्वावर फ्लॅट विकलेली पहिली सार्वजनिक इमारत शिबुयातली मियामासुझाका, 1953 ची. खासगी विकासकाची पहिली म्हणजे योत्सुयामधील 1956 ची कॉर्पोरस. गंमत अशी की एका इमारतीत अनेकांची स्वतंत्र मालकी कशी नांदवायची याचा कायदा आला 1962 मध्ये, म्हणजे घरे आधी आणि नियम नंतर. आज त्या देशात सत्तर लाखांहून अधिक असे फ्लॅट आहेत आणि 2023 च्या अखेरीस त्यांतले जवळपास 13 लाख 70 हजार चाळिशी ओलांडलेले होते. माझी इमारत मार्च 1984 ची. मी तिच्यात शिरले तेव्हा तिलाही चाळीस पूर्ण झाली होती.

त्याआधी एक घर हातातोंडाशी येऊन सोडले होते. जाहिरातीत बांधकाम ‘फेब्रुवारी 1982’ असे होते, आणि मला एवढे ठाऊक होते की 12 जून 1978 च्या मियागीच्या भूकंपानंतर भूकंपरोधक बांधकामाचे नियम बदलले व 1 जून 1981 पासून नवे लागू झाले. 1995 मध्ये कोबेला जे कोसळले त्यात या तारखेआधीच्या इमारतींचा भरणा होता. 1982 हे 1981 च्या नंतर येते, तेव्हा मी निर्धास्त होते, आणि दलालही हसतमुखाने मान डोलावत होता. पण नियम लागू होतो तो इमारत पूर्ण झाल्याच्या तारखेला नव्हे, तर आराखड्याला मंजुरी मिळाल्याच्या तारखेला. वॉर्ड कार्यालयातून मंजुरीच्या नोंदवहीचा उतारा काढवला, तेव्हा त्यावर ऑक्टोबर 1980 निघाला. सात मजली इमारत उभी राहायला वर्ष-सव्वा वर्ष लागते, हे साधे गणित माझ्या लक्षात आले नव्हते. दलालाच्या लक्षात आले नसेल यावर मात्र माझा विश्वास नाही. त्यात भर म्हणजे 2022 पासून गृहकर्जावरील करसवलतीसाठी 1982 नंतरचे बांधकाम पुरेसे धरले जाते, त्यामुळे अशा काठावरच्या इमारती कागदावर ‘नव्या नियमांतल्या’ म्हणून सहज खपतात. जुन्या इमारतीचे वय विचारताना जन्मतारीख नव्हे, गर्भधारणेची तारीख विचारावी, असे मी तेव्हापासून मैत्रिणींना सांगते.

डोंबिवलीला बाबांना ही सगळी हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “चाळीस वर्षांची बिल्डिंग ना? मग रिडेव्हलपमेंट कधी?” त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे घोंगडे सात वर्षे भिजत पडले आहे, तरी त्यांच्या लेखी जुनी इमारत म्हणजे पिकत आलेले फळ. महाराष्ट्रात 2019 पासून 51 टक्के सभासदांच्या होकारावर पुनर्विकास मार्गी लावता येतो, विकासक वाढीव एफएसआय विकून आपला खर्च काढतो आणि सभासदाला मोठे घर, वर भाडे आणि कॉर्पस मिळतो. जपानमध्ये इमारत पाडून नवी बांधायची तर मालकांपैकी चार-पंचमांश लोकांचा होकार लागत असे, आणि मुख्य म्हणजे वाढीव चटई क्षेत्र उरलेलेच नसते. कित्येक जुन्या इमारती आजच्या नियमांत बसतील त्याहून मोठ्या बांधलेल्या आहेत, म्हणजे पाडल्या तर नवी लहानच बांधावी लागेल. मग खर्च मालकांच्याच खिशातून जातो, तो अलीकडे घरटी सरासरी दोन कोटी येनच्या जवळ गेला आहे. साऱ्या देशात आजवर अशा पुनर्बांधणीची उदाहरणे तीनशेच्या आतबाहेर आहेत. बाबांना हे पटले नाही. “मग ते लोक जुन्या बिल्डिंगचे करतात काय?” ते म्हणाले. जपतात, हे खरे उत्तर आहे, पण जपणे म्हणजे नेमके काय, हे तोवर मलाही कळलेले नव्हते.

न जपल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मी स्वतः पाहिलेले आहे. गिन्झाजवळ 1972 मध्ये कुरोकावा किशो या वास्तुरचनाकाराने नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. दोन खांबांना 140 सुटे कप्पे लटकवलेले, प्रत्येक कप्पा दहाएक चौरस मीटरचा, गोल खिडकीचा. दर पंचवीस वर्षांनी कप्पे काढून नवे बसवायचे, अशी मूळ कल्पना होती. एकही कधी बदलला गेला नाही. कप्प्यांचे मालक वेगवेगळे, कोणाला दुरुस्ती हवी, कोणाला पाडून नवे हवे, कोणी नुसताच भाव वाढायची वाट पाहणारा. आणि मधल्या काळात पाइप गळत राहिले. मी पाहिला तेव्हा टॉवरभोवती जाळी होती, आणि खिडक्यांखाली डागांचे ओघळ उतरले होते. 2022 मध्ये तो उतरवण्यात आला. इतकी कल्पक इमारत शेवटी सभेत हरली, असे मला तेव्हा वाटले होते.

माझ्या इमारतीबाबतची खरी माहिती मला मिळाली तीही सभेतूनच. विकत घेणाऱ्याने मागितले की व्यवस्थापन कंपनी शुल्क घेऊन एक अहवाल देते आणि मालकांच्या संघाच्या, म्हणजे ‘कानरी कुमिआइ’च्या, मागच्या काही सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते जोडते. दर महिन्याला प्रत्येक मालक दोन रकमा भरतो: एक रोजच्या देखभालीची, जिन्यातले दिवे, लिफ्ट, झाडलोट करणारे आजोबा यांसाठी, दुसरी दुरुस्तीसाठी साठवायची. आपल्या सोसायटीतले मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड, एवढे सांगितले की मराठी वाचकाला पुढे समजावण्याची गरज नाही. फरक असा की तिथे हा दुसरा निधी शोभेचा नसतो. बारा ते पंधरा वर्षांतून एकदा संपूर्ण इमारतीला परांची बांधतात, भिंतींच्या भेगा भरतात, फरश्या ठोकून पोकळ झालेल्या बदलतात, गच्चीचे जलरोधन नवे करतात, आणि घरटी दहा-बारा लाख येन त्यात सहज जातात. पैसा साठलेला नसला तर ऐन वेळी एकरकमी वर्गणी तरी काढावी लागते, नाही तर काम पुढे ढकलावे लागते, आणि पुढे ढकललेले काम महागच होते.

बेचाळीस घरांच्या या इमारतीच्या निधीत 3 कोटी 10 लाख येन होते. दोन मालकांची मिळून 2 लाख 34 हजार येन थकबाकी होती. (ही चौकशी मी मुद्दाम केली, कारण तिथल्या कायद्यानुसार आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडूनही वसूल करता येते. सुदैवाने माझे घर त्या दोहोंत नव्हते.) पण आकड्यांपेक्षा मी रमले ती इतिवृत्तांत. दुरुस्तीची मासिक रक्कम 6,800 वरून 11,400 येन करण्याचा ठराव दोन वर्षांपूर्वी आला होता. प्रत्यक्ष हजर 13, मुखत्यारपत्रे 22. चर्चेच्या रकान्यात एका उपस्थिताचे म्हणणे एका वाक्यात नोंदवलेले होते: “माझे वय 81 आहे. पुढच्या वीस वर्षांच्या पाइपांचे पैसे मी का भरावेत?” त्याच्या पुढे अध्यक्षांचे उत्तर म्हणून एवढेच: “मत नोंदवून घेतले.” नंतर मतदान: बाजूने 31, विरुद्ध 4. मंजूर.

हे वाचून मला डोंबिवलीच्या सोसायटीचा गच्चीवरचा मांडव आठवला. तिथेही कोणीतरी काका उठून हेच म्हणतात. फक्त तिथे त्यानंतर तासभर गदारोळ होतो, सेक्रेटरी राजीनाम्याची भाषा करतात, आणि ठराव पुढच्या सभेवर जातो. त्या 81 वर्षांच्या गृहस्थांचे म्हणणे चूक आहे असे मला अजूनही म्हणवत नाही. त्यांचे उत्पन्न निवृत्तिवेतनाचे, रक्कम जवळजवळ पावणेदोन पट झालेली, आणि पाइप बदलून होईपर्यंत आपण असू की नसू हा त्यांचा हिशेब अचूकही असेल. पण मी मात्र त्या 31 मतांच्या जोरावरच घर घ्यायचे ठरवले. इमारतीचा खरा ताळेबंद मला त्या सहा-सात ओळींत दिसला. ठराव फसला असता तर मासिक खर्च कमी दिसला असता, परताव्याचा आकडा जाहिरातीत आणखी आकर्षक झाला असता, आणि मी ते घर घ्यायला नको होते. जुन्या इमारतींत स्वस्त देखभाल हे गुणाचे नव्हे, दुर्लक्षाचे लक्षण असते. देशभरची या निधीची सरासरी घरटी तेरा हजार येनच्या आसपास आहे. तीन-चार हजारांत भागवणारी चाळिशीतली इमारत दिसली की समजावे, पुढच्या मालकासाठी बिल साठवून ठेवले आहे.

याच नियमाचे टोक पाहायचे तर निगाता प्रांतातील युझावाला जावे. 1980 च्या दशकाच्या शेवटी, मालमत्तेच्या भावांच्या फुग्याच्या काळात, तिथे बर्फात घसरायला येणाऱ्या टोकियोकरांसाठी गरम पाण्याच्या हौदांसह मोठमोठे मानशोन उभे राहिले. आज त्यांतले फ्लॅट एखाद लाख येनला, आपल्या पन्नास-साठ हजार रुपयांना, विकायला निघतात आणि तरी पडून राहतात, कारण घरासोबत महिन्याची देखभाल आणि साठवण आयुष्यभर गळ्यात पडते. घर फुकट मिळाले तरी परवडत नाही, ही गोष्ट मुंबईच्या माणसाला समजावणे मला आजवर जमलेले नाही.

त्या काळच्या इमारतींत पाइप कुठून जातात, हाही पाहण्याचा विषय आहे. माझ्या न्हाणीघराचे सांडपाणी माझ्या जमिनीखालून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या छतातून वाहते. गळले तर ओल त्यांच्याकडे, तोडफोडही त्यांच्याकडे, कारण माझे. अशा पाइपाचा मालक कोण, यावर खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि 21 मार्च 2000 रोजी न्यायालयाने निकाल दिला की खालच्या घराच्या छतातून जाणारा तो पाइप सामायिक मालमत्ता आहे. म्हणजे त्याचा खर्च संघाने करायचा. मानशोनच्या कायद्यात ‘माझे’ या शब्दाचा आवाका एकूणच लहान आहे. बाल्कनी माझी नाही, मला वापरायला दिलेली आहे. खिडकीची चौकट आणि दाराचा बाहेरचा पृष्ठभागही सामायिक. जाहिरातीतले 38 चौरस मीटर भिंतींच्या मध्यापासून मोजलेले, दप्तरातले भिंतींच्या आतून मोजलेले, म्हणून साडेपस्तीस. (कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप यांच्या राज्यातून गेलेल्या माणसाला हे सांगताना विक्रेत्याने जी क्षमा मागितली तिचे मला हसू आले.)

नोव्हेंबर 2023 मध्ये मी आठवडाभर जाऊन आले, ते इमारत बाहेरून पाहण्यासाठी. तळमजल्यावर टपालपेट्यांच्या रांगा होत्या, तीन पेट्यांची तोंडे चिकटपट्टीने बंद केलेली. सूचनाफलकावर सांडपाण्याच्या नळ्या धुण्याची तारीख आणि त्या दिवशी घरी राहण्याची विनंती. जिन्याच्या भिंतीवर मागच्या दुरुस्तीत भरलेल्या भेगा, तळहातावरच्या रेषांसारख्या, रंगाखालून फुगलेल्या. झाडणारे आजोबा सायकलींच्या जागेत वाळलेली पाने गोळा करत होते आणि परवान्याची चिकटपट्टी नसलेल्या सायकलींना पिवळी चिठ्ठी बांधत होते. रस्त्याच्या पलीकडे जाऊन मी चौथ्या मजल्याकडे पाहिले. बाल्कनीत कपडे धुण्याचे यंत्र, कारण त्या काळच्या घरांत त्यासाठी आत जागा ठेवलेली नसे. कठड्यावर चिमट्यांनी धरलेली गादी. आणि वरच्या दांडीला दोऱ्यांत ओवून वाळत घातलेली सोललेली काकी, म्हणजे पर्सिमनची, फळे, चार माळा, प्रत्येकीत सात-आठ, नारिंगी, काही काळवंडत चाललेली. एक हात बाहेर आला, गादी थोपटली आणि आत गेला. मी पटकन मान खाली घातली. उद्या ज्या घराची मालकीण होणार त्याच्याकडे चोरासारखे पाहत उभे राहण्याचा तो प्रसंग अजून आठवतो.

दलालाच्या तक्त्यावर त्या हाताची नोंद ‘भाडे 72,000, मुदतवाढ दर दोन वर्षांनी, थकबाकी नाही’ अशी होती. जपानचा भाडे कायदा राहणाऱ्याच्या बाजूने भक्कम उभा आहे: रास्त कारणाशिवाय मालकाला करार संपवता येत नाही, आणि ‘मला आता जास्त भाडे मिळेल’ हे रास्त कारण नव्हे. तक्त्याखाली दलालाने पेन्सिलीने लिहून दिले होते की सध्याच्या बाजारभावाने 88,000 मिळू शकतील, ‘बदल झाल्यास’. बदल म्हणजे काय हे त्याने लिहिले नव्हते, आणि मी विचारले नाही. भाडेकरूचे वय सत्तरीच्या पुढचे आहे. तिथे एकट्या वृद्धाला नवे घर भाड्याने देण्यास मालक सर्रास कचरतात, एकाकी मृत्यूच्या धास्तीने. म्हणजे हे घर सुटले तर त्या बाईंना दुसरे मिळणे अवघड. दरमहा 16,000 येनचा फरक आणि ती बाल्कनी, या दोन गोष्टी मनात शेजारी ठेवून पाहिल्यावर कोणती आधी दिसावी याचे मला उत्तर सुचले, पण पहिला आकडाही मी पाठ केलेला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

करारापूर्वी ‘महत्त्वाच्या बाबींचे स्पष्टीकरण’ हा कायद्याने सक्तीचा विधी असतो. परवानाधारक व्यक्तीने आपले ओळखपत्र दाखवून सगळे दोष, बंधने, रस्ते, कर वाचून दाखवायचे. 2021 पासून विक्रीतही हे व्हिडिओवर करता येते, म्हणून मी पुण्यात सकाळी साडेसातला आणि परवानाधारक बाई टोकियोत अकराला बसलो आणि दोन तास त्यांनी एकेक कलम वाचले. 2020 पासून त्यात पुराचा नकाशाही दाखवावा लागतो. एदोगावाचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे, आणि वॉर्डाने 2019 मध्ये घरोघरी वाटलेल्या नकाशाच्या मुखपृष्ठावर सरळ लिहिले होते: ‘इथे थांबू नका’. महापूर आला तर एक-दोन आठवडे पाणी हटणार नाही, तेव्हा वॉर्ड सोडून बाहेर जा, असा त्याचा अर्थ. आपल्याच रहिवाशांना असे लिहून सांगणारी नगरसंस्था मी दुसरी पाहिलेली नाही. चौथा मजला बुडणार नाही. पण विजेची जोडणी तळमजल्यावर आहे, आणि 2019 च्या ऑक्टोबरमधील वादळात मुसाशी-कोसुगीच्या एका उंच इमारतीत तळघर बुडाल्याने वीज व पाणी कसे गेले होते, ते मी टोकियोत राहत असताना पाहिले होते. त्या बाई वाचत होत्या, मी ऐकत होते, आणि दोघींनाही ठाऊक होते की मी सही करणार आहे.

पैशांचे सांगायचे तर किंमत 1,280 ‘मान’ ठरली. मान म्हणजे दहा हजार. दशलक्षांत अडकणाऱ्या जगात जपानी आणि मराठी माणसे दोघेही आपापल्या मोजणीत सुखी आहेत. 1,280 मान म्हणजे 1 कोटी 28 लाख, शून्य मोजावे लागत नाहीत. दलाली कायद्याने ठरलेली कमाल, करासह 4,88,400 येन. भारतातून पाठवायची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत बसत होती, पण सात लाख रुपयांवरच्या रकमेवर बँकेने त्या वर्षीच्या नियमानुसार वीस टक्के टीसीएस, म्हणजे उगमस्थानी वसूल होणारा कर, कापून घेतला. ते साडेबारा लाखांच्या आसपासचे पैसे पुढे विवरणपत्रातून परत मिळाले, तरी वर्षभर अडकून पडले. ज्यांना हे आधी कोणी सांगत नाही त्यांची व्यवहाराच्या आठवड्यात तारांबळ उडते. जपानी शिक्क्याच्या ठशाऐवजी सहीचे शपथपत्र लागते. ते शिवाजीनगर न्यायालयाबाहेर छत्रीखाली बसलेल्या नोटरीकडून करून घेतले. त्यावरचे लाल-हिरवे शिक्के, तिकिटे आणि लाखेची चकती पाहून टोकियोतील नोंदणी वकिलाने ‘फार भारदस्त आहे’ असा निरोप पाठवला. एप्रिल 2024 पासून परदेशी मालकाने देशांतर्गत संपर्कव्यक्तीचे नावही दप्तरात द्यावे लागते, आणि व्यवहारानंतर वीस दिवसांत परकीय चलन कायद्याखाली बँक ऑफ जपानमार्फत कळवावे लागते. माझ्या आडनावातल्या ‘ळ’ चा काताकाना लिपीत ‘रु’ झाला. त्याला इलाज नव्हता.

वरवर पाहता परतावा पावणेसात टक्के. त्यातून देखभाल 9,800, साठवण 11,400 आणि भाडे गोळा करणाऱ्या कंपनीचे 3,960 वजा जाऊन महिन्याला 46,840 येन उरतात. मग मालमत्ता कर, परदेशात राहणाऱ्याने नेमावाच लागतो त्या कर-प्रतिनिधीची फी, सुरुवातीचा खर्च हे सारे धरले की हिशेब सव्वातीन टक्क्यांवर येतो, आयकर भरण्यापूर्वी. पुण्यातल्या बँकेतली मुदत ठेव तेव्हा याच्या दुप्पट देत होती, हे बाबांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकले. घर घेण्याचे सगळे कारण त्या आकड्यात नव्हते, आणि ते असल्याचा आव मी आणत नाही.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी सभेची नोटीस येते, सोबत एक अर्ज. स्वतः येणार, कोणाला मुखत्यार करणार, की प्रत्येक ठरावावर लेखी मत देणार. बहुतेक परगावचे मालक ‘अध्यक्ष ठरवतील ते’ या चौकटीवर खूण करतात, किंवा अर्ज परत पाठवतच नाहीत. न आलेला अर्ज हा पूर्वी विरोधी मतासारखाच धरला जाई, आणि म्हाताऱ्या इमारतींत अशा मौनामुळेच ठराव अडकत. 2025 मध्ये कायदा बदलला आणि 1 एप्रिल 2026 पासून साधे ठराव सहभागी होणाऱ्यांच्या बहुमताने होऊ लागले. भूकंपाला कमकुवत अशा इमारतींच्या पुनर्बांधणीला तीन-चतुर्थांश होकार पुरू लागला. परदेशात राहणाऱ्या मालकासाठी देशातला व्यवस्थापक नेमण्याची सोयही झाली. परदेशी लोक घरे घेऊन ठेवतात आणि सभेला फिरकत नाहीत, ही तक्रारही या बदलांमागे होती, आणि ती वाचताना मला ‘परदेशी लोक’ म्हणजे दुसरे कोणी वाटले नाही. 2025 च्या नोटिशीत चौथा ठराव सांडपाण्याचे सगळे पाइप बदलण्याचा होता. त्याआधी पाहणी, आणि निधी कमी पडला तर घरटी तीन लाख येनपर्यंत एकरकमी वर्गणी. म्हणजे माझे साडेसहा महिन्यांचे उरलेसुरले भाडे. मी चौकटीत होकाराचे वर्तुळ काढले आणि पाकीट टपालात टाकले. वर्तुळ काढताना ते 81 वर्षांचे गृहस्थ, आता 84-85 चे असतील, मतदानाला आले असतील का, असा विचार मनात आला. ठराव मंजूर झाला. विरुद्ध 5.

पाहणी डिसेंबरमध्ये झाली. भाडेकरूने आधी कंपनीमार्फत विचारले होते की प्लंबर बाल्कनीतून जाणार असतील तर एक आठवडा उशिरा येतील का. कारण लिहिले नव्हते, पण मला ते ठाऊक होते. कंपनीने मला विचारले, मी ‘जरूर’ म्हटले. नंतर अहवालासोबत तीन छायाचित्रे आली. पहिल्यात न्हाणीघराच्या छताचा उघडलेला चौकोन आणि वरून जाणारा, म्हणजे पाचव्या मजल्याचा, गंजलेला पाइप. दुसऱ्यात ओट्याखालची नळी, तिच्याभोवती घट्ट बांधलेले फडके आणि त्याखाली ठेवलेला दह्याचा रिकामा डबा. तिसऱ्यात प्लंबरला मोजपट्टी दाखवायची होती. पण चौकटीच्या डाव्या कडेला स्वयंपाकघराच्या भिंतीचा तुकडा आला आहे, त्यावर एका भाजीवाल्याचे कॅलेंडर, खाली खुर्चीची पाठ, आणि खुर्चीवर वर्तमानपत्रात मांडलेली, पिठूर साखर धरलेली, आक्रसलेली काकी फळे. मी छायाचित्र मोठे करून पाहिले. कॅलेंडरवर पाहणीच्या तारखेभोवती लाल वर्तुळ होते आणि त्यात लिहिले होते: ‘पाइप, दहा वाजता’.